ज्ञानोबा कंपोझिटरची पिवळी पानं

धाराशिवच्या जुन्या बाजारात अण्णारावांचा छापखाना चालू होता तोवर ज्ञानोबा हाजगुडे यांना नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. सगळ्यांना ते ‘कंपोझिटर’ म्हणूनच माहीत. तेरजवळच्या वाडीतून मॅट्रिक नापास होऊन सतराव्या वर्षी ते छापखान्यात शिरले आणि अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायला शिकले. वीस-बावीस वर्षं तेच केलं. मग खिळे भंगारात गेले, संगणक आले, टाइप करायला दोन मुली आल्या, आणि अण्णारावांनी ज्ञानोबांच्या हातात लाल पेन देऊन त्यांना खिडकीजवळ बसवलं. तिथं त्यांनी आणखी वीस वर्षं प्रुफं वाचली. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, एक साप्ताहिक, निवडणुकीची पत्रकं. चूक राहिली की बोलणी खायला ज्ञानोबा होते. चूक राहिली नाही तर त्या कागदावरून माणसाचा डोळा फिरला होता हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

अण्णाराव गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी छापखाना बंद करून मोबाइलचं दुकान टाकलं. ज्ञानोबा घरी आले ते थकूनच आले. थोडे दिवस झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज भरून दिले. मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, त्याचं ऑपरेशन झालं, आणि तेही सुटलं. बायको कडूबाई गुडघ्यांनी बेजार. दोघं सकाळी ओट्यावर बसायचे, दुपारी आडवे व्हायचे. वर्तमानपत्र आलं की ज्ञानोबा सवयीनं पेन घ्यायचे, चारपाच चुकांना गोल करायचे आणि कागद बाजूला ठेवून द्यायचे. दाखवायचं कुणाला?

त्यांची मुलगी मोनिका गावातल्याच एका कॉलेजात मराठी शिकवते. दोन वर्षांमागं जानेवारीत तिच्या विभागानं विकिस्रोताची, म्हणजे जुनी पुस्तकं इंटरनेटवर टाइप करून ठेवणाऱ्या मोफत ग्रंथालयाची, कार्यशाळा ठेवली. पाहुणे सोलापूरहून येणार होते, फोटो निघणार होते, आणि मुलं तर गावच्या जत्रेला पांगलेली. खुर्च्या रिकाम्या दिसतील म्हणून मोनिका सकाळीच घरी आली.

“आप्पा, दोन तास येऊन बसा. चहा-नाष्टा हाय.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काय त्यात? बसायचं फकस्त.”

घरात मोनिका अशीच बोलते. ज्ञानोबांनी धुतलेला सदरा घातला आणि जाऊन मागच्या रांगेत बसले. पहिला तासभर त्यांना डुलक्या येत होत्या. मग पाहुण्यांनी पडद्यावर एक पान उघडलं. एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर यंत्रानं वाचून टाइप केलेला. यंत्रानं ‘विहीर’चं ‘विहार’ केलं होतं आणि ‘बैल’चं ‘वेल’. पाहुणे म्हणाले, “डावीकडं बघायचं, उजवीकडं दुरुस्त करायचं. एकानं पान तपासलं की ते पिवळं होतं. दुसऱ्या माणसानं पुन्हा वाचून खात्री केली की हिरवं. स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही.”

ज्ञानोबा सरळ बसले. हे तर प्रूफ आणि हस्तलिखित शेजारी ठेवून वाचणं. आणि दुसरं वाचन दुसऱ्यानं करायचं, हे तर अण्णारावांना ते जन्मभर सांगत आले होते. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, दुसरा माणूस ठेवा. अण्णारावांनी कधी ठेवला नाही.

मोनिकाचा जुना लॅपटॉप घरी आला. टाइप करायला शिकण्यातच दीड महिना गेला. खिळ्यांच्या लाकडी केसमधला प्रत्येक खण त्यांना डोळे मिटून सापडायचा, पण या बटणांवर बोटं चाचपडत. जोडाक्षर फुटायचं, रफार भलत्याच अक्षरावर बसायचा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, पान जतन करायच्या आधी लाइट गेली तर केलेलं सगळं जायचं. दोनदा त्यांनी लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी काढला.

त्यांनी घेतलेलं पुस्तक लहानसंच होतं. एकशे अठरा पानांचं. शंभर वर्षांमागं कुणा शाळामास्तरानं विहिरीवरच्या बागायतीबद्दल लिहिलेलं. विहीर कुठं खणावी, मोट कशी जोडावी, बैल कसे पारखावेत. दिवसाला एक पान, मग दोन, मग तीन. बदल जतन करताना काय केलं त्याचा एका ओळीत सारांश लिहायचा असतो. ते लिहायचे, ‘सात चुका काढल्या.’ पानाचा ‘इतिहास’ उघडला की ती ओळ दिसायची आणि पुढं त्यांचं नाव. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाखाली त्यांचं नाव आलं होतं. ते त्यांनी कडूबाईला दाखवलं.

“चष्मा न्हाय माझ्याजवळ,” ती म्हणाली. “पर चांगलं दिसतंय.”

चुकाही लई होत्या त्या पुस्तकात. जुनी लिहायची पद्धत, जिथं तिथं अनुस्वार. ‘नाहीं’, ‘केलें’, ‘तेथें’, ‘त्यांत’. ज्ञानोबांना प्रूफ शिकवणाऱ्या माणसानं पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, हे टिंब आता नियमात नाही, दिसलं की उडवायचं. ज्ञानोबांनी उडवले. बासष्ट पानांवरचे सगळे अनुस्वार त्यांनी एकेक करून वेचून काढले, निंदणीला बसल्यासारखे.

मार्चच्या अखेरीला त्यांच्या चर्चापानावर निरोप आला. लिहिणाऱ्याचं सदस्यनाव ‘बोरीकाठ’.

‘नमस्कार. आपण मेहनतीनं काम करत आहात, आभार. पण आपण जुने अनुस्वार काढले आहेत. इथं छापील पुस्तक जसंच्या तसं ठेवायचं असतं, जुन्या लेखनासह, छापण्यातल्या चुकांसह. कृपया पूर्ववत करावं.’

ज्ञानोबांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचे कान तापले. पुण्याचा कुणी प्रोफेसर असणार. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतात तर चौदाव्या पानावर बोरीकाठनं सगळे अनुस्वार परत बसवलेले. ज्ञानोबांनी ते पुन्हा काढले. संध्याकाळपर्यंत पुन्हा आले. त्यांनी पुन्हा काढले आणि सारांशात लिहिलं, ‘हे अशुद्ध आहे.’ तिसऱ्या वेळी बोरीकाठनं पानाला हात लावला नाही. चर्चापानावर एवढंच लिहिलं, ‘मी वाद घालणार नाही. आपण नियमाचं पान वाचावं ही विनंती.’

मोनिका रविवारी आली तेव्हा ज्ञानोबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिनं सगळं वाचलं.

“आप्पा, ते बरोबर हायत. आपण पुस्तक सुधारायला न्हाय बसलो. ते जसं हाय तसं ठेवायचं.”

“चाळीस वर्षं चुका काढल्या म्या,” ज्ञानोबा म्हणाले. “आता घालायला बसू व्हय?”

“ती चूक न्हाय. त्या टायमाचं शुद्ध तसंच होतं.”

“मग बासष्ट पानं?”

कडूबाई आतून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की वो. कुणी बोलावलंय तुमाला? डोळं नीट ऱ्हायले तर पुरे.”

तेही खरंच होतं. ज्ञानोबांनी लॅपटॉप कपाटात ठेवला. एप्रिल असाच गेला. उन्हं वाढली. ओट्यावर सकाळी आठनंतर बसवेना. वर्तमानपत्रातल्या चुकांना गोल करणंही त्यांनी सोडलं. कडूबाई विचारायची, “बरं न्हाय का?” ते म्हणायचे, “बरं हाय. शीण आलाय.”

मे महिन्यात मोनिकाला लॅपटॉप परत पाहिजे होता. परीक्षेचं काम होतं. देण्याआधी आपलं त्यात काही राहिलंय का बघावं म्हणून ज्ञानोबांनी तो उघडला, आणि उगाच एक पान काढलं. एकतिसावं. डावीकडं फोटोत मोटेच्या बैलांबद्दल मजकूर होता. ‘दुपारीं बैलांस विसावा द्यावा.’ आणि लगेच पुढं तेच वाक्य पुन्हा, ‘दुपारीं बैलांस विसावा द्यावा.’ उजवीकडं त्यांच्या हातच्या मजकुरात ते एकदाच होतं. दुसरं त्यांनीच खोडलं होतं. सारांशात लिहिलंही होतं, ‘दुबार वाक्य काढलं.’

ते त्या फोटोकडं बघत बसले. असं कसं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. दुपारची वेळ असते. पोटात भाकरी पडलेली असते. हस्तलिखित उजव्या हाताला, खिळे जुळवायची स्टिक डाव्या हातात. कुणीतरी हाक मारतं, नजर वर जाते, आणि खाली येते ती मागच्याच ओळीवर. बोटं आपली चालत राहतात. वाक्य दुसऱ्यांदा जुळवून होतं तरी माणसाला पत्ता नसतो. ज्ञानोबांकडून एका लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव असंच दोनदा जुळलं होतं. अण्णारावांनी सगळ्यांसमोर पत्रिका तोंडावर फेकली होती.

शंभर वर्षांमागच्या त्या कंपोझिटरचं नाव पुस्तकात कुठंच नव्हतं. मास्तरांचं होतं, छापखान्याच्या मालकाचं होतं. त्या माणसाचं म्हणून जे काही त्या पुस्तकात उरलं होतं, ते हे दुसऱ्यांदा जुळलेलं वाक्य. आणि ते ज्ञानोबांनी पुसलं होतं.

त्यांनी नियमाचं पान उघडलं. पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत वाचलं. छापण्यातली चूक दाखवायला तिथं एक साचा होता. मूळ चूक तशीच राहते, फक्त तिच्यावर बाण नेला की बरोबर रूप दिसतं. म्हणजे चूक मोडायची नाही आणि लपवायचीही नाही. ज्ञानोबांनी ते वाक्य परत टाइप केलं, साचा लावला, आणि सारांशात लिहिलं, ‘मूळचं ठेवलं.’

मग मोनिकाला फोन केला. “लॅपटॉप आठ दिवस ऱ्हाऊ दे.”

आठाचे वीस झाले. मोनिकानं पेपर शेजारणीच्या लॅपटॉपवर उरकले आणि आपला परत मागितला नाही. ज्ञानोबा पहिल्या पानापासून अनुस्वार परत बसवत निघाले. काढायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट घालायला लागला. काढताना टिंब दिसतं, घालताना ते शोधावं लागतं. डाव्या डोळ्यातही आता धुकं उतरलं होतं. अर्धं पान झालं की ते डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडायचे. कडूबाई फडकं बदलायची आणि काही विचारायची नाही. रोज वाटायचं, आज शेवटचं. बासष्ट पानं कोण बघतंय?

सत्तेचाळिसावं पान उघडलं आणि ते थबकले. अनुस्वार आधीच जागेवर होते. अठ्ठेचाळीस, तेच. पन्नास, साठ, बासष्ट, सगळी पानं पूर्ववत. इतिहासात नाव होतं बोरीकाठ, आणि तारखा गेल्या बारा दिवसांतल्या. ज्ञानोबा पुढून येत होते ते बघून तो माणूस न बोलता मागून निघाला होता. जी पानं त्यानं आता नीट केली, ती बिघडवली होती ज्ञानोबांनी.

ज्ञानोबांनी बराच वेळ विचार करून चर्चापानावर लिहिलं, ‘मी छापखान्यातला माणूस. नियम ठाऊक नव्हता. पानं बघितली. आभार.’

उत्तर आलं, ‘मलाही सुरुवातीला कुणीतरी असंच सांभाळून घेतलं होतं. पुढची पानं तुम्ही पिवळी करा, मी हिरवी करते.’

‘करते’ वाचून ज्ञानोबा चमकले. प्रोफेसर बाई होत्या तर.

तेव्हापासून काम सरळ चाललं. ज्ञानोबा सकाळी दोन-तीन पानं पिवळी करायचे. दुपारनंतर त्यातली एखाददुसरी हिरवी झालेली दिसायची. त्यांची चूक राहिली असली तर बाई दुरुस्त करायच्या आणि कारण लिहायच्या. ज्ञानोबांना आधी टोचायचं. मग ते दुरुस्त्यांची वाट बघायला लागले. कधी एकही निघाली नाही तर बाईंनी नीट वाचलं की नाही याची शंका यायची.

एकदा मात्र उलटं झालं. सत्तराव्या पानावर शाई फुटली होती. ज्ञानोबांनी ओळ लावली होती, ‘नाडा व सौंदर मजबूत असावे.’ बाईंनी ‘सौंदर’चं ‘सुंदर’ करून पान हिरवं केलं होतं. ‘नाडा व सुंदर मजबूत असावे.’ ज्ञानोबा एकटेच हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

त्यांनी लिहिलं, ‘बाई, शब्द सौंदरच आहे. मोटेला दोन दोर असतात. वरचा जाड तो नाडा. खालच्या सोंडेला बांधतात तो बारीक सौंदर. आमच्या वडिलांची मोट होती. तो दोर भिजवून ठेवायचं काम माझ्याकडं असायचं.’

बाईंनी लगेच बदललं, आणि खाली लिहिलं, ‘चुकलं माझं. मोट म्या कधी बघितलीच नाही. तुमी मराठवाड्यातले का?’

‘तेरकडचा. राहतो धाराशिवला. तुम्ही पुण्याच्या ना?’

‘नाही वो काका, मी नळदुर्गची.’

मग फोन नंबर दिले-घेतले गेले. तिचं नाव अयोध्या. नळदुर्गजवळच्या एका खेड्यात पोस्टाची शाखा सांभाळते. वय चाळीसच्या पुढं. नवरा हायवेवरच्या ढाब्यावर गल्ल्यावर बसतो. दुपारी पोस्ट बंद केलं की तासभर मोकळा मिळतो, तेवढ्यात ती मोबाइलवर पानं वाचते. शिक्षण बारावी. बोरी नदी घरामागून जाते म्हणून तसं नाव घेतलेलं.

“मला वाटलं तुमी कुणी मोठ्या प्रोफेसर,” ज्ञानोबा फोनवर म्हणाले.

“आन् मला वाटलं तुमी कुणी भांडखोर म्हातारे,” ती म्हणाली.

“ते बरोबरच वाटलं.”

ऑगस्टमध्ये अयोध्या गप्प झाली. पानं पिवळीच राहायला लागली. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. ज्ञानोबांनी चर्चापानावर विचारलं, उत्तर नाही. फोन केला, तो बंद. पंधरा दिवस गेले, महिना गेला. एकशे अठरावं पान त्यांनी एका गुरुवारी संपवलं. समोर पस्तीस पानांची पिवळी रांग. स्वतःचं एकही पान त्यांना हिरवं करता येत नव्हतं.

मोनिकानं म्हटलं, “मी करते की.” तिनं त्यांच्या शेजारी बसून दहा मिनिटांत सहा पानं हिरवी केली.

“वाचलीस का?” ज्ञानोबांनी विचारलं.

“तुम्ही केलेलंच हाय की आप्पा. त्यात काय वाचायचं?”

ती गेल्यावर ज्ञानोबांनी सहाही पानं परत पिवळी केली. एका पानावर त्यांच्याच हातून ‘विहिरीस’चं ‘विहिरीत’ झालं होतं, ते ना तिला दिसलं होतं, ना त्यांना स्वतःला. मोनिकाला नंतर कळलं तेव्हा ती दोन दिवस रागावली. मग म्हणाली, “मला खरंच वेळ न्हाय आप्पा.” ज्ञानोबा म्हणाले, “ठावं हाय मला. म्हणून तर परत पिवळी केली.”

ती रांग तशीच राहिली. ज्ञानोबा रोज एकदा उघडून बघायचे आणि मिटायचे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडूबाईच्या गुडघ्यांना आता काठी लागायला लागली होती. घरात दोन्ही माणसं जपून चालायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फोन वाजला.

“काका, अयोध्या बोलतेय. सासू पडली होती. कंबर मोडली. सोलापूरला दवाखान्यात होतो, मग घरी अंथरुणातच. मागल्या मंगळवारी गेली.”

“लई वाईट झालं बाई,” ज्ञानोबा म्हणाले.

“तिचं हागणं-मुतणं केलं अडीच महिने. आता दुपारी हात मोकळे झाले तर घरात करमंना. पानं किती ऱ्हायलीत?”

“पस्तीस.”

“रोज दोन करीन. जास्त होणार न्हायत.”

“एक करा. गडबड काय?”

तिनं रोज दोनच केली. एखाद्या दिवशी एकही नाही, मग दुसऱ्या दिवशी तीन. ‘विहिरीत’ तिला सापडलं होतं. आणखी आठ चुका सापडल्या. प्रत्येकीचं कारण तिनं लिहिलं होतं. ज्ञानोबा एकेक वाचत होते आणि त्यांना कुठंतरी आत निवांत वाटत होतं. त्यांच्या मागं चाळीस वर्षं कुणी दुसरं वाचन केलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी सव्वातीनला, शेवटचं पान हिरवं झालं. काही वाजलं नाही, काही उमटलं नाही. यादीतला शेवटचा चौकोन तेवढा रंग बदलून बसला.

“झालं पुस्तक,” ज्ञानोबा म्हणाले.

कडूबाई शेंगा फोडत होती. “वाचणार कोण त्ये? मोटा कुठं ऱ्हायल्यात आता?”

“कुणी न्हाय वाचणार.”

“मंग?”

“आमी दोघांनी वाचलं की.”

कडूबाईनं चार शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले. ते तोंडात टाकत असतानाच फोन आला.

“काका, बघितलं का?”

“बघितलं. बेस झालं.”

“दुसरं एक पुस्तक हाय. घोंगड्यांचं. मेंढ्या, लोकर, माग, सगळं त्यात. धरायचं का?”

ज्ञानोबांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. डावा डोळा पाण्यानं भरला होता. “आत्ता नगं बाई. डोळं थकलेत. बारा तारखेला ऑपरेशन हाय, त्याच्यानंतर महिनाभर डोळ्याला जपायचं.”

“बरं.”

“तुमी सुरू करा तोवर.”

“न्हाय,” अयोध्या म्हणाली. “मी पण थकलेय काका. झोपते जरा. तुमचं झालं की बघू.”

फोन ठेवून ज्ञानोबांनी लॅपटॉप मिटला, उशाशी सरकवला, आणि कूस बदलून ते पडून राहिले.